कांडी : अप्पांच्या मदतनीस कुत्रीच्या प्रशिक्षणाच्या नोंदी

२४ नोव्हेंबर

पिल्लू आज घरी आलं. मादी, आठ आठवड्यांची, तांबूस, पुढचे दोन्ही पंजे पांढरे. अशोक चौकाच्या मागच्या बोळात मागांची एक शेड आहे, तिच्या पाठीमागे सुताच्या रिकाम्या पोत्यांवर जन्मलेली.

काम काय करायचंय ते आधी लिहून ठेवते. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी हयात चादरीच्या मागावर काढली. नक्षी विणणारे जेकार्डचे माग ओळीने चालू असले की शेजारच्या माणसाशी बोलायलाही कानाला तोंड लावावं लागतं. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. मागांची शेड ती सहज ओलांडते. असा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडला की आतल्या शंखातल्या केसासारख्या नाजूक पेशी मरतात आणि पुन्हा येत नाहीत. सगळ्यांत आधी जातो ४००० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे उंच स्वरांचा पट्टा. अप्पांच्या तपासणीच्या आलेखात तिथे खोल खड्डा आहे, आणि वयानं बाकीचंही ओढून नेलंय. दोन्ही कानांचं नुकसान ६० डेसिबलच्या पुढे. श्रवणयंत्र आहे, समोरासमोर बोलताना त्याचा उपयोग होतो. पण रात्री ते काढावं लागतं, अंघोळीला काढावं लागतं, आणि दुपारभर घातलं की डोकं भणभणतं म्हणून अप्पा डबीत ठेवून देतात. मी दिवसभर शाळेत, दादा पुण्याला. बेल, कुकर, फोन, नळाचं पाणी, गॅस गळतीचा भोंगा, यातलं काहीही अप्पांपर्यंत पोचत नाही.

अशा माणसांसाठी कुत्री शिकवायचं काम अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं, ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये. अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांची परंपरा त्याहून जुनी. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत पहिली शाळा निघाली. सोलापुरात तयार कुत्रं मिळायची सोय नाही, म्हणून घरीच घडवायचं ठरवलं. पुण्याच्या एक प्रशिक्षक ताई व्हिडिओ कॉलवर वाट दाखवणार आहेत.

जातिवंत कुत्रं का घेतलं नाही, असं दोघातिघांनी विचारलं. लॅब्रॅडॉर गुणी असतो, पण आमच्या दोन खोल्या आणि सोलापूरचा उन्हाळा त्याला मानवणार नाही. आपले कारवान आणि पश्मी देखणे, पण ते नजरेनं शिकार हेरणारे. हललेल्या सशामागे सुटायचं हे त्यांच्या रक्तातच आहे. आम्हाला हवं होतं कानानं जगणारं, लहान चणीचं, माणसाकडे ओढ असणारं पिल्लू. ते कोणत्याही जातीत निघू शकतं.

निवड अशी केली. पिल्लं खेळत होती तिथे जरा लांब स्टीलची ताटली पाडली. एक ढिम्म हललं नाही, त्याला आवाजाचं काही वाटतच नव्हतं. एक पोत्यांमागे जाऊन बसलं ते बाहेर यायला तयार होईना. ही दचकली, चार पावलं मागे गेली, मग परत येऊन तिनं ताटली हुंगली आणि मान वर करून अप्पांकडे बघितलं. दचकणं हवं, सावरणंही हवं. पण तिसरी गोष्ट, ते माणसाकडे बघणं, हिच्यात होती म्हणून हिला आणलं.

नाव अप्पांनीच ठेवलं. कांडी, मागाच्या धोट्यात बसते ती सुताची.

२७ नोव्हेंबर

नियम ठरवून भिंतीला चिकटवले. कांडीचं खाणं अप्पांच्या हातून. खेळ अप्पांबरोबर. रात्री अंथरूण अप्पांच्या खाटेशेजारी. माझ्याकडे शी-शू, अंघोळ आणि दवाखाना.

यामागचं कारण रोज वाचावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलंय. आवाज आला की कुत्रं आवाजाकडे पळतं, तो त्याचा स्वभाव. आपल्याला उलटं शिकवायचंय. आवाजाला पाठ द्यायची, माणसाकडे यायचं, त्याला स्पर्श करून उठवायचं आणि मग त्याला घेऊन आवाजाकडे जायचं. कुत्र्यानं आवाजाला पाठ द्यावी असं वाटत असेल तर माणूस त्या आवाजाहून मोलाचा वाटायला हवा. बाकी सगळं शिकवता येतं, हे आधी रुजावं लागतं.

संध्याकाळी ती माझ्या पायात घोटाळत होती. तिला उचलून घ्यायचा मोह आवरून मी वाटी अप्पांच्या हातात दिली.

अप्पा म्हणाले, "मला ऐकू येईना झालंय, हिला काय सांगू बे मी?"

मी समोर बसून सावकाश म्हटलं, "तुम्ही काही सांगायचं नाही अप्पा. तिनं तुम्हाला सांगायचंय."

८ डिसेंबर

पिल्लाला जग ओळखीचं होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं त्याची भीती पुढे कमी. नेमक्या याच काळात लसी अपुऱ्या असतात आणि पार्वो या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. घरात कोंडलं तर ती भित्री होणार, रस्त्यावर सोडलं तर जिवाशी खेळ. मधला मार्ग म्हणजे झोळी. जुन्या चादरीची झोळी करून अप्पा तिला गळ्यात घेऊन फिरतात. पाय जमिनीला लागत नाहीत आणि सगळं दिसतं.

आतापर्यंत दाखवलेल्या गोष्टी: रिक्षा, पाण्याचा टँकर, शेळ्या, छत्री उघडणं, हेल्मेट घातलेला माणूस, बुरखा घेतलेल्या बाया, कुबड्या, चाकाची खुर्ची, लग्नाचा बँड लांबून, स्टेशनबाहेरची गर्दी, मंगळवार बाजाराची कड. पद्धत एकच. लांब उभं राहायचं, तिनं बघितलं की तोंडात उकडलेल्या चिकनचा तुकडा. तिनं खाणं नाकारलं तर ती घाबरली आहे असं समजून आणखी लांब जायचं. कुणालाही तिला हातात द्यायचं नाही.

एक गोष्ट मी धरून चालले नव्हते. झोळीतलं पिल्लू बघून लोक थांबतात आणि अप्पांशी बोलतात. परवा पार्क चौकात एक भाजीवाली मावशी विचारत होत्या, "केवढ्याचं आणलंय?" अप्पांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि बरोबर उत्तर दिलं. गेली काही वर्षं बाहेर कुणी काही विचारलं की अप्पा नुसतं हसून पुढे जात.

२२ डिसेंबर

दिवसातले अठरा-वीस तास झोप. उठली, खाल्लं, खेळली, की लगेच अंगणात. घरात शू होणं जवळजवळ थांबलं. जंताचं औषध ठरलेल्या तारखांना चालू आहे.

खाऊची यादी स्वयंपाकघरात लावली. चालेल: उकडलेलं चिकन, अंडं, फुटाणे, भाकरीचा बारीक तुकडा. चालणार नाही: मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट. आमच्या घरी शेंगाचटणीशिवाय ताट होत नाही आणि तिच्यात लसूण. त्यामुळे जेवणानंतर हात धुतल्याशिवाय अप्पांनी तिला भरवायचं नाही, हेही यादीत.

संक्रांत

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचे पाळणे, भोंगे, पिपाण्या, शोभेचं दारूकाम; सोलापुरात वर्षभरात एवढा आवाज एका जागी कधी होत नाही. कांडी आता पंधरा आठवड्यांच्या आसपास, म्हणजे शिकण्याचं दार अजून किलकिलं आहे. पण गर्दीत नेणं म्हणजे त्या दारावर लाथ मारणं. आम्ही पहाटे गेलो, तेव्हा दुकानं नुकती झाडत होते. तलावाच्या काठानं फिरलो, पाळण्यांचे लोखंडी सांगाडे तिला हुंगू दिले. संध्याकाळी बऱ्याच लांबच्या एका गच्चीवरून पाळण्यांचा आवाज ऐकवला. तिनं कान टवकारले, अप्पांच्या मांडीत नाक खुपसून तुकडा खाल्ला, परत कान टवकारले.

दारूकामाच्या रात्री घरीच. दारं-खिडक्या बंद, पंखा मोठा. अप्पा लहानपणापासून एकदाही दारूकाम चुकवत नव्हते, यंदा तिच्याजवळ बसून राहिले.

९ फेब्रुवारी

तळहाताला नाक लावणं पक्कं झालं. अप्पा हात पुढे करतात, ती नाक टेकवते, अप्पा "हां" म्हणतात आणि खाऊ देतात. या "हां"ची वेळ फार महत्त्वाची, नाक टेकलं त्याच क्षणी यायला हवा. बरेच लोक टिकटिक वाजणारी छोटी डबी वापरतात, पण अप्पांना तिचा आवाज येत नाही, मग ती आपल्या हातून वाजली की नाही हे कळणार कसं? स्वतःच्या घशातला "हां" त्यांना छातीत जाणवतो.

आता तळहाताऐवजी गुडघा. बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर दोन्ही पुढचे पंजे ठेवायचे आणि तो हलेपर्यंत काढायचे नाहीत. नाकाचा नुसता स्पर्श झोपेतल्या माणसाला जागं करायला पुरत नाही.

भुंकणं शिकवायचं नाही. भुंकून अप्पांना काय कळणार? शिवाय शेजाऱ्यांचा त्रास वाढणार. तिचं सगळं बोलणं पंजांनी.

२ मार्च

दात पडायला लागले. खाटेचा पाय, चप्पल, माझी वही, काही सोडत नाही. जुन्या टर्किश टॉवेलला गाठी मारून, भिजवून बर्फात ठेवला आणि चघळायला दिला. हिरड्यांना गार लागतं, गप्प बसते. धागे निघायला लागले की टॉवेल काढून घ्यायचा, पोटात गेले तर आतडं अडकतं. हा टॉवेल एकटीला देऊन निघून जायचं नाही.

१६ मार्च

पहिला आवाज घेतला: दारावरची बेल.

मांडणी अशी. अप्पा खुर्चीत, खुर्ची दारापासून दोन पावलांवर. मी बाहेर. मी बेल दाबते. कांडीचे कान दाराकडे. त्याच वेळी अप्पांनी खाऊची मूठ गुडघ्यावर धरायची. बेल कधी वाजली हे अप्पांना कळावं म्हणून शेजारच्या वहिनी त्यांच्या समोर उभ्या राहून बोट वर करतात. कांडी वळली, गुडघ्यावर पंजे आले, "हां", खाऊ. मग अप्पा उठतात, "काय गं?" असं हातवारे करून विचारतात आणि दोघं दारापर्यंत येतात. दारात मी दुसरा खाऊ अप्पांकडे देते आणि तो तिला मिळतो.

म्हणजे बक्षीस दोन ठिकाणी, अप्पांपाशी आणि आवाजापाशी. नुसतं अप्पांपाशी दिलं तर ती येऊन बसून राहील, नेणार नाही. नुसतं दाराशी दिलं तर दाराकडेच पळेल. तोल राखायचा, पण पारडं अप्पांकडे झुकतं ठेवायचं.

सुरुवातीला ती बेल वाजली की दाराकडेच धावत होती. तेव्हा कुणी काही बोलायचं नाही, दार उघडायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. दाराशी काहीच घडेना. मग तिनं मागे वळून बघितलं. खुर्चीत अप्पा बसलेले, हात गुडघ्यावर. ती दार आणि खुर्चीच्या मधोमध उभी राहिली. एक कान दाराकडे, दुसरा अप्पांकडे. शेपटी खाली, थांबलेली. मग सरळ गुडघ्यावर. तो विचार तिचा तिनं केला. आम्ही कुणी हाक मारली नव्हती. हाक मारून आणलेलं पिल्लू हाकेची वाट बघायला शिकतं, आणि बेल वाजल्यावर अप्पा तिला हाक कशी मारणार?

१३ एप्रिल

ऊन. पारा चाळिशीच्या वर. सकाळी साडेपाचला बाहेर, सातच्या आत घरात, नंतर थेट रात्री. रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून सात सेकंद धरवत नसेल तर तिचे तळवेही भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग निवतं. दुपारी मोरीतली ओली फरशी हीच तिची जागा.

गोचिडं रोज बघायची, कानाच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यात. गोचीड-ताप आपल्याकडे फार आणि तो कुत्र्याला आतून पोखरतो.

कुकरची शिट्टी सुरू केली आणि अडचण आली. आमच्या भिंतीला भिंत लागून तीन घरं आहेत. सकाळी चारही घरांत कुकर. कांडी प्रत्येक शिट्टीला येऊन अप्पांना उठवते, अप्पा जाऊन बघतात तर आमचा गॅस बंद.

११ मे

कुकरचं सुटलं. ताईंनी सांगितलेला उपाय साधा आहे. शेजारची शिट्टी झाली आणि ती आली तर अप्पांनी शांत बसायचं, रागवायचं नाही, उठायचंही नाही. आमची शिट्टी झाली की उठायचं, ओट्यापाशी जायचं, गॅस बंद करायचा आणि ओट्यापाशीच खाऊ. रागावलं तर तिला एवढंच कळेल की शिट्टीला येणं वाईट, आणि मग खऱ्या शिट्टीलाही ती येणार नाही. आवाज कोणत्या भिंतीकडून आला हे तिला आपल्याहून चांगलं कळतं, फक्त त्यातला कोणता आपला हे समजायला वेळ द्यावा लागला.

माणसाला चांगल्या कानांनी २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. अप्पांचं जे गेलं ते सगळं आणि त्याच्या कितीतरी वरचं तिच्याकडे आहे.

बेल आणि कुकर पक्के. जगभरच्या मदतनीस कुत्र्यांच्या संस्थांच्या निकषात अशा कुत्र्याला किमान तीन आवाज यायला हवेत. तिसरा आवाज म्हणून फोन घेतलाय.

२९ जून

माजावर आली. तीन आठवडे बाहेरचं सगळं बंद, दाराला कडी, गल्लीतले सगळे गडी उंबऱ्याशी. घरातला सराव हलकाच. तीनेक महिन्यांनी नसबंदी करायची.

२० जुलै

नऊ-दहा महिन्यांची झाली आणि जणू शिकलेलं विसरली. बेल वाजली की दाराशी जाऊन भुंकते, अप्पांकडे वळत नाही. हाक ऐकून न ऐकल्यासारखं करते. बहुतेक कुत्र्यांच्या आयुष्यात हा काळ येतो. मोठमोठ्या संस्थांतही बरीच पिल्लं शेवटपर्यंत पोचत नाहीत, काही ठिकाणी निम्मी गळतात.

रात्री अप्पांशी बोलले. कांडी जमली नाही तर? त्यांनी पाटीवर लिहून मागितलं, वाचलं, आणि म्हणाले, "नाही जमलं तर नाही. कुत्री म्हणून राहील. माघारी कुठं द्यायची नाही."

मला तेच ऐकायचं होतं. तिच्यावरचं ओझं उतरलं की शिकवणाऱ्याच्या हातातली घाई जाते. खुर्ची पुन्हा दारापासून दोन पावलांवर आणली. मार्चमध्ये केलं तेच परत, पहिल्यापासून.

१७ ऑगस्ट

बेल परत आली. आता दुसऱ्या खोलीतूनही.

एक नवं काम सहज जमून गेलं: "अप्पांना बोलाव." मी स्वयंपाकघरातून म्हणते, ती जाऊन पंजे ठेवते आणि अप्पांना माझ्याकडे घेऊन येते. आजवर जेवायला बोलवायचं तर मी उठून जाऊन खांद्याला हात लावायचे, आणि पाठमोरे असले तर अप्पा दचकायचे. आता दचकत नाहीत.

७ सप्टेंबर

नळाचं पाणी. हा आवाज मी बघितलेल्या परदेशी याद्यांत नाही, आणि आमच्या घरात सगळ्यांत गरजेचा हाच. उजनीचं पाणी आमच्या भागात चार दिवसांआड सुटतं, वेळेचा नेम नाही. रात्री सुटलं आणि चुकलं तर पुढचे चार दिवस टँकरच्या मागे पळायचं. पाण्याच्या रात्री अप्पा मोरीच्या उंबऱ्याला पाठ टेकून, नळाखाली हात धरून बसतात. ऐकू येत नाही म्हणून हातानं वाट बघतात. मी घरी असते, उठीन म्हणते, पण त्यांना पटत नाही. पाणी भरणं हे घरातलं त्यांचं काम आहे.

नळ उघडा ठेवून खाली ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलं, म्हणजे पहिली धार पडताच ताशासारखं वाजतं. सरावासाठी रोज खरं पाणी कुठून आणणार? मोबाइलवर आवाज भरून लावून बघितला तर तिनं कानही हलवला नाही. मग वहिनी मोरीच्या पडद्यामागे बसून तांब्यानं बारीक धार सोडतात. अप्पा खाटेवर आडवे, डोळे मिटलेले. बसलेल्या माणसाला उठवणं आणि झोपलेल्याला उठवणं तिच्या लेखी वेगवेगळं काम आहे, म्हणून तेही पायरीपायरीनं: आधी उशाला टेकून, मग आडवं, मग दिवा बंद करून.

२८ सप्टेंबर

नसबंदी झाली. टाके काढेपर्यंत उड्या नाहीत, गुडघ्यावर पंजे नाहीत.

१२ ऑक्टोबर

काल रात्री पाणी आलं.

अडीचच्या सुमारास मला जाग आली ती पातेल्याच्या आवाजानं. ताईंनी बजावलं होतं, खरी वेळ येईल तेव्हा तुम्ही हलायचं नाही. मी पडून राहिले. कांडी खाटेखालून निघाली, मोरीच्या दिशेनं दोन पावलं गेली, थांबली, वळली. पुढचे पंजे खाटेवर. अप्पा हलले नाहीत. पंजे काढले, परत ठेवले, या वेळी छातीवर. अप्पांनी झोपेत हात झटकला. ती मागे हटली नाही. चादरीवर पंजा घासत राहिली, तोपर्यंत मोरीत धार मोठी झाली होती. मग अप्पा उठून बसले, चष्मा लावला, अंधारात तिच्याकडे हात करून विचारलं, काय? ती मोरीकडे चालायला लागली, वळून बघितलं, परत चालायला लागली.

पिंप, हंडे, घागरी, सगळं भरलं. सकाळी अप्पा गल्लीत ज्याला त्याला सांगत होते, "हिनं उठीवलं. मी झोपलोतो की बे."

खाऊची डबी रात्री खाटेशेजारी होती. अप्पांनी ती मोरीतच रिकामी केली.

लक्ष्मीपूजन

फटाके. घाबरलेल्या कुत्र्याकडून काम करून घ्यायचं नाही, म्हणून आठवडाभर सगळा सराव बंद. तिच्या जन्माच्या शेडमधला मागांचा आवाज मी दसऱ्याआधी मोबाइलवर भरून घेतला होता. इथे पाण्याच्या आवाजासारखं हुबेहूब असायची गरज नव्हती, बाहेरचे बार दडपणारी अखंड खडाखड हवी होती, म्हणून मोठ्या स्पीकरवर लावला. ती मधल्या खोलीत अप्पांच्या पायाशी पसरली. बॉम्बला अंग आकसत होतं, पण कोपऱ्यात तोंड घालून थरथरणं नाही. ज्या आवाजानं अप्पांचे कान गेले त्याच आवाजात ती झोपली, हे बघायला मला सोपं गेलं नाही. अप्पांनी स्पीकरवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसेच बसले आणि म्हणाले, "चार माग चालू हैत."

१६ नोव्हेंबर

बाहेरच्या कामासाठी जाकीट झालं. वहिनी गणवेश शिवायच्या कारखान्यात आहेत, त्यांनी केशरी ड्रिलचं शिवून दिलं. दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत: "मालकांना ऐकू येत नाही. मी कामावर आहे, मला हात लावू नका." बहिरेपण अंगावर दिसत नाही. हाक मारूनही वळला नाही की माणूस गर्विष्ठ ठरतो. आता लोक आधी जाकीट वाचतात आणि मग समोर येऊन बोलतात.

हयातीचा दाखला द्यायला अप्पा एका बँकेच्या शाखेत गेले, तिथे दारातच अडवलं. रखवालदार बोलत राहिला, अप्पांना कळेना, मागे रांग. अप्पा परत आले आणि दोन दिवस तिला घेऊन बाहेर पडले नाहीत. मला याचा राग आहे आणि तो इथे लिहून ठेवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक ठिकाणी वावरण्याच्या सुलभतेवर बरंच काही आहे, पण मदतनीस कुत्र्याचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे सगळं समोरच्याच्या मर्जीवर. अप्पांचं दिव्यांग प्रमाणपत्र, कांडीच्या रेबीजसकट सगळ्या लसींची नोंदवही आणि एक पानी अर्ज घेऊन मी शाखाधिकाऱ्यांना भेटले. पुढच्या खेपेला दोघंही आत गेले. ती खुर्चीखाली आडवी पडून होती, अप्पांनी बोटाचा ठसा दिला, झालं.

७ डिसेंबर

गॅस गळतीचा भोंगा. इथे साखळी बदलते. बेलला, कुकरला, नळाला ती अप्पांना आवाजाकडे नेते. भोंग्याला न्यायचं नाही. पंजे ठेवायचे आणि जमिनीवर पोट टेकून आडवं व्हायचं: धोका आहे, उठ, बाहेर चल. ब्रिटनमध्ये धुराच्या भोंग्यासाठी हेच शिकवतात. सहा आठवडे झाले, आता जमतंय. अप्पांनाही शिकायचं होतं, ती आडवी झाली की स्वयंपाकघराकडे बघायचं नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, सरळ दाराबाहेर. त्यांची सवय मोडायला तिच्याहून जास्त वेळ लागला. हात आपोआप बटणाकडे जातो.

२८ डिसेंबर

ताई पुण्याहून आल्या होत्या, पहिल्यांदाच प्रत्यक्ष. दिवसभर थांबल्या. न सांगता बेल, न सांगता भोंगा, अप्पा पेपर वाचताना, झोपलेले, पाहुण्यांच्या गराड्यात.

घरातलं काम पक्कं, असं त्या म्हणाल्या. बेल, कुकर, नळ, भोंगा, "अप्पांना बोलाव", सगळ्याला वळते. पाहुण्यांनी बिस्किटं पुढे केली तरी बेलला उठली.

बाहेर अजून कच्ची. माणसं, गाड्या, बाजार यांचं काही नाही. गल्लीबाहेरची कुत्री अंगावर आली की ती अप्पांच्या पायांमागे जाते आणि दोरी गुंतते, अप्पा पडू शकतात. म्हणून ठरलेल्याच वाटेनं जायचं, त्या वाटेवरच्या कुत्र्यांना रोज दोन भाकरी घालून ओळख करायची, हातात काठी धरायची नाही. एसटीचा प्रवास उन्हाळा संपेपर्यंत नाही. पूर्ण तयार व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात, ही सव्वा वर्षाची आहे.

फोन मात्र कमजोर निघाला. दादा आला की अप्पांच्या मोबाइलची धून बदलून जातो, तिच्या लेखी तो दर वेळी नवा आवाज. आजपासून धून एकच, कुणी हात लावायचा नाही. फोनची जागाही एकच, खिडकीतल्या फळीवर. बोललेलं ऐकू आलं नाही तरी व्हिडिओ कॉलवर ओठ बघून अप्पांना कळतं. उद्यापासून दुपारच्या सुट्टीत मी शाळेतून कॉल करणार, आणि दादा रात्री आठला पुण्याहून. पहिला आठवडा वहिनी घरात थांबतील, नंतर अप्पा आणि कांडी दोघंच.